मे महिन्याचं ऊन श्रावणात वापरता येईल का?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाच्या सचिवांनी प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा: "आमच्या पॅकहाऊसच्या छतावर १०० किलोवॉटचं सोलर आहे. प्री-कूलिंग आणि कोल्ड रूम मिळून रोज सरासरी ४०० युनिट लागतात. मार्च ते मे वीज उरते, जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन जवळपास निम्म्यावर येतं आणि बिल चढतं. उन्हाळ्यातली वीज साठवून पावसाळ्यात वापरायची तर कोणती बॅटरी घ्यावी? लिथियम, फ्लो बॅटरी, लोखंड-हवेची बॅटरी आणि हायड्रोजन अशी चार नावं ऐकली आहेत. कोटेशन मागवू का?"

भाऊ, एवढ्यात मागवू नका. चारही तंत्रं खरी आहेत आणि चारही जगात कुठे ना कुठे चालू आहेत. पण तुम्ही सांगितलेल्या कामासाठी, म्हणजे मेमधली वीज ऑगस्टपर्यंत राखून ठेवण्यासाठी, त्यातलं एकही तुम्हाला परवडणार नाही. दुसऱ्या एका कामासाठी मात्र त्यातली एक बॅटरी नक्की उपयोगी पडेल. असं का, ते नीट सांगतो. साठवणीच्या योजना घेऊन तुमच्यासारख्या गटांच्या दारात आता बरेच लोक येतील. त्यांना काय विचारायचं, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

मी सत्तावीस वर्षं बॅटरीच्या कामात आहे. सुरुवात टेलिफोन एक्सचेंजच्या ४८ व्होल्टच्या बँकांपासून, म्हणजे जोडून ठेवलेल्या बॅटऱ्यांच्या रांगांपासून झाली, मग सातपुड्यातल्या पाड्यांवरचं सोलर, आणि आता मोठ्या साठवण प्रकल्पांचं डिझाइन आणि तपासणी. इतक्या वर्षांत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच ऐकला: "बॅटरी किती युनिटची घेऊ?" माझ्या मते त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: हा साठा वर्षातून किती वेळा भरणार आणि किती वेळा रिकामा होणार?

आपल्या जुन्या घरांत साठवणीच्या जागा वेगवेगळ्या असत. घागर रोज भरायची आणि रोज रिकामी व्हायची. रांजण दोन-चार दिवसांचा. वर्षाच्या धान्यासाठी पेव: कोरड्या जागी खणलेला खड्डा, आतून पेंढ्याचं अस्तर, वरून शेणामातीचं लिंपण. त्याला खर्च म्हणाल तर खणण्याचा. तांब्याच्या घागरींमध्ये वर्षाची ज्वारी कोणी भरून ठेवली नाही. घागरीत दाणे राहिले असते, पण तेवढ्या घागरी विकत घेऊन त्या वर्षातून एकदाच रिकाम्या करणं कोणत्या घराला झेपलं असतं? विजेचं गणित अगदी असंच आहे.

आता तुमचेच आकडे घेऊ. खानदेशात १ किलोवॉट पॅनेल मार्च ते मेमध्ये दिवसाला साधारण ५ युनिट देतं, म्हणजे तुमचे ५०० युनिट. वापर ४००, उरले १००. तीन महिन्यांत ९,००० युनिट शिल्लक. जुलै-ऑगस्टमध्ये रोजचे २८० युनिट धरा. तूट रोज १२० ची, साठ दिवसांत ७,२०० युनिट. कागदावर जमतंय असं दिसतं, ९,००० आत आणि ७,२०० बाहेर.

ही वीज लिथियमच्या बॅटरीत ठेवायची तर साधारण ८,००० युनिट क्षमतेची बँक लागेल, कारण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. क्षमतेच्या प्रत्येक युनिटला सगळं धरून १२,००० रुपये माना. खर्च ९ कोटी ६० लाख रुपये. आणि वाचणार काय? ७,२०० युनिट, ९ रुपये दराने वर्षाला ६४,८०० रुपये. तुम्हाला कोटेशनमध्ये १२,००० च्या जागी आठ हजार मिळाले, नाहीतर पंधरा हजार, तरी निष्कर्ष हलणार नाही.

बरेच जण मला म्हणतात, "महिनोन्महिने ठेवली तर बॅटरीतली वीज झिरपून जाईल ना?" थोडी झिरपते, लिथियममध्ये महिन्याला दोन-तीन टक्के. ती अडचण नाहीच. अडचण ही की तेवढा पैसा दहा महिने भरलेल्या घागरींसारखा नुसता ओळीत बसून राहतो.

त्याच लिथियमला रोजचं काम द्या, म्हणजे चित्र पालटतं. दिवसा तुमच्याकडे जास्तीची वीज असते, कारण ४०० पैकी दीडशे-एक युनिट रात्रीच लागतात. १२० युनिट क्षमतेची बँक घेतली तर १४ लाख ४० हजार रुपये. रोज १०० युनिट रात्री परत मिळाले, वर्षात असे २५० दिवस धरले, तर सव्वादोन लाख रुपये वाचतात. साडेसहा वर्षांत पैसे फिटतात आणि बॅटरीचं आयुष्य त्याहून बरंच जास्त आहे. बॅटरी तीच, रसायन तेच. पहिल्या हिशेबात ती वर्षातून एकदा रिकामी होत होती, दुसऱ्यात अडीचशे वेळा.

एक मोठी अट मात्र यात आहे. तुमच्याकडे नेट मीटर असेल तर जास्तीचे युनिट ग्रिडला जातात आणि नावावर जमा होतात. ती जमा आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत पुढे चालते, म्हणजे एप्रिल-मेची शिल्लक त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये वळती होऊ शकते. तसं असेल तर तुमचं पेव आधीच बांधलेलं आहे आणि ते महावितरणच्या तारांवर आहे. फक्त कोणत्या तासांची वीज कोणत्या तासांत वळती होते, हे टीओडीच्या, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराच्या, नियमांवर ठरतं आणि ते नियम बदलत आले आहेत. तुमचं शेवटचं बिल घेऊन उपविभागाच्या कार्यालयात जा आणि एवढंच विचारा: "आमचे दिवसाचे शिल्लक युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात का?" उत्तर "हो" असेल तर रोजच्या बॅटरीचीही फारशी गरज उरत नाही, फक्त वीज गेल्यावर जनरेटरच्या जागी ती लागेल. उत्तर "नाही" असेल तर वरचा साडेसहा वर्षांचा हिशेब तुम्हाला लागू पडतो. डिझेलवर एका लिटरला तीन-साडेतीन युनिट निघतात, तेव्हा जनरेटरचा युनिट काय भावाने पडतो ते तुम्ही जाणताच. वादळात डीपी गेली आणि कोल्ड रूममध्ये माल भरलेला असला, की बॅटरीची किंमत वेगळीच कळते.

हे झालं पैशाचं. आता रसायनाकडे येतो, कारण खानदेशचा उन्हाळा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

बॅटरीची सगळी पत्रकं २५ अंशांवर लिहिलेली असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. रावेरकडच्या एका शेडमध्ये दुपारी तीन वाजता बॅटरीच्या रॅकवर ठेवलेला माझा थर्मामीटर ५१ दाखवत होता. लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की २५ च्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, ते उष्णतेला जास्त सोसतं. तरी त्याच्याही बऱ्याच सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, आणि आपल्याकडे चार्जिंगची वेळ नेमकी भर दुपारची. म्हणून बॅटरीची खोली पक्क्या भिंतीची, उत्तर बाजूला, छताला इन्सुलेशन असलेली हवी. तुमच्याकडे कोल्ड रूम आहेच. तिच्या शेजारच्या भिंतीला लागून खोली बांधली तर थोड्या खर्चात ती तीसच्या आसपास ठेवता येईल. बॅटरी विकणारा खोलीबद्दल काही न विचारता थेट भाव सांगायला लागला, तर त्याच्याकडून घेऊ नका.

लेड-ॲसिडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एक अनुभव सांगायलाच हवा. धडगावच्या पुढे एका पाड्यावर मुलांचं वसतिगृह आहे. तिथे एका ठेकेदाराने पावसाळ्याच्या तोंडावर सोलर बसवलं. दोन व्होल्टचे चोवीस ट्यूब्युलर सेल, एकदम नवे. ऑक्टोबरमध्ये मला बोलावणं आलं की दिवे तासाभरात बसतात. मी पहिल्या सेलचं झाकण उघडलं तर ॲसिड प्लेटांच्या खाली गेलेलं. उघड्या पडलेल्या प्लेटांवर पिठासारखा पांढरट थर. हायड्रोमीटरने ॲसिड ओढलं तर आतला तरंगा तळाशीच बसून राहिला. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडचा जडपणा, १.११०; भरलेल्या सेलची १.२४० असायला हवी होती. एकामागून एक चोवीस सेल तपासले, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. दोन महिने आभाळ भरलेलं, पॅनेलमधून दिवसभरात जेमतेम थोडी वीज यायची आणि संध्याकाळी ती मुलांच्या अभ्यासाला खर्च व्हायची. बँक एकदाही पूर्ण भरली नव्हती. लेड-ॲसिड अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण मोठे, कडक होत जातात आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाहीत. पाणी टाकायचं असतं, हेही तिथे कोणी सांगितलं नव्हतं. मी जनरेटर लावून आठवडाभर हळूहळू चार्ज करत राहिलो. चोवीसपैकी नऊ सेल परत आले. बाकीचे भंगारात गेले आणि मुलं पुन्हा कंदिलावर आली.

तो दिवस मी विसरलेलो नाही. आपल्याकडे सोलरच्या बॅटरीची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते, मेमध्ये नाही. तुमच्या पॅकहाऊसला जुना इन्व्हर्टर आणि लेड-ॲसिडची बँक असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती ग्रिडवरून पूर्ण भरा. एलएफपीला हा रोग होत नाही, अर्धवट भरलेली ती सुखाने राहते. आज मी लहान कामांना तिच्याकडे वळतो, त्याचं अर्धं कारण हे आहे.

आता फ्लो बॅटरी. माझ्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो.

साध्या बॅटरीत वीज साठते ती प्लेटांमध्येच. जास्त साठा हवा तर जास्त सेल घ्यावे लागतात. फ्लो बॅटरीत साठा द्रवात असतो. दोन टाक्या, दोन पंप आणि मध्ये सेलची चवड, जिला स्टॅक म्हणतात. द्रव टाकीतून स्टॅकमध्ये येतो, वीज घेतो किंवा देतो आणि परत टाकीत जातो. किती किलोवॉट मिळणार ते स्टॅक ठरवतो, किती तास मिळणार ते टाकी ठरवते. चारऐवजी आठ तास हवे असतील तर स्टॅक तोच ठेवून टाकी मोठी करायची. विहिरीवरचा पंप आणि विहीर यांचं जे नातं, तेच इथे.

सगळ्यात पुढे गेलेला प्रकार व्हॅनेडियमचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस यांच्या गटाने १९८० च्या दशकात तो उभा केला. त्याआधी नासाने १९७० च्या दशकात लोखंड आणि क्रोमियमवर काम केलं होतं. तिथे दोन टाक्यांत दोन वेगळे धातू, आणि मधल्या पडद्यातून ते हळूहळू एकमेकांत मिसळायचे. व्हॅनेडियमचं शहाणपण असं की दोन्ही बाजूंना तोच धातू. पडद्यातून थोडा इकडचा तिकडे गेला तरी द्रव बाद होत नाही, दोन्ही टाक्या सारख्या करून पुन्हा चार्ज केलं की क्षमता परत येते. म्हणूनच स्टॅकचे भाग बदलत राहिले तर हाच द्रव वीस वर्षांनंतरही कामाचा असतो.

प्रयोगशाळेत मी ती पहिल्यांदा चालताना पाहिली तेव्हा नळ्या पारदर्शक होत्या. रिकाम्या बॅटरीत एका बाजूचा द्रव निळा, दुसऱ्या बाजूचा हिरवा. चार्जिंग सुरू झालं आणि निळ्याचा हळूहळू पिवळा झाला, हिरव्याचा जांभळा. व्हॅनेडियमच्या चार अवस्थांचे हे चार रंग. वीज साठताना डोळ्यांना दिसते असं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही. विद्यार्थ्यांना साठवण शिकवायची असेल तर मी यापासूनच सुरुवात करतो.

मग खानदेशात अडतं कुठे? त्या पिवळ्या द्रवात. सल्फ्युरिक ॲसिडमधला भरलेला व्हॅनेडियम ४० अंशांच्या वर गेला की त्याचा ऑक्साइड होऊन गाळ बसू लागतो. हा गाळ नळ्यांत आणि स्टॅकमधल्या कार्बनच्या फेल्टमध्ये अडकतो आणि पंप ताणतात. आपल्या मे महिन्यात भरलेली टाकी थंड ठेवण्यासाठी चिलर चालवावा लागतो, आणि चिलरची वीज हिशेबातून वजा होते. चिलर सोडला तरी, पंप धरून, घातलेल्या विजेतली ६५ ते ७५ टक्केच परत मिळते. लिथियमच्या संपूर्ण यंत्रणेत ८५ च्या आसपास मिळते. शिवाय द्रव फार जागा खातो, लिटरला जेमतेम १५ ते २५ वॉट-तास. चीनमध्ये दालियान इथे १०० मेगावॉट आणि ४०० मेगावॉट-तासांची अशी बॅटरी २०२२ मध्ये ग्रिडला जोडली गेली. आपल्याकडे एनटीपीसीच्या ग्रेटर नोएडातल्या नेत्रा संशोधन केंद्रात ३ मेगावॉट-तासांची आहे. आठ-दहा तासांचं, रोजचं, मोठ्या प्रमाणावरचं काम असेल तिथे मी ती सुचवेन. १०० किलोवॉटच्या पॅकहाऊसला चिलर, पंप, ॲसिडच्या टाक्या आणि त्या सांभाळणारा माणूस देणं मला पटत नाही.

सोडियम-सल्फरचं नाव तुमच्या कानावर आलं असेल तर एवढंच सांगतो: ती ३०० अंशांच्या वर चालते, त्यामुळे आपल्या उन्हाची तिला पर्वा नाही, पण ती सहा-सात तासांची आणि मोठ्या प्रकल्पांची बॅटरी आहे. सोडियम-आयन वेगळी. ती लिथियमची धाकटी बहीण म्हणा. लिथियम न लागता चालते, पण काम रोजचंच, घागरीचं.

लोखंड-हवेची बॅटरी ही मात्र खरी रांजणाची जातकुळी. लोखंडाला गंज लागताना ऊर्जा बाहेर पडते. एरवी ती नुसती उष्णता होऊन वाया जाते, या बॅटरीत ती वीज म्हणून काढून घेतात. आत लोखंडाची भुकटी, पाण्यातला पोटॅश अल्कली आणि हवा आत घेणारा इलेक्ट्रोड. वीज देताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं. चार्ज करताना गंजाचं पुन्हा लोखंड होतं आणि ऑक्सिजन बुडबुड्यांनी बाहेर जातो. माल इतका स्वस्त की शंभर तासांचा साठा करायची हिंमत होते. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी नेमकं शंभर तासांचं लक्ष्य धरून यावर काम करते आहे. कल्पना जुनी आहे, १९७० च्या दशकात तिच्यावर बरंच काम झालं आणि मग ते मागे पडलं. कारणं दोन. चार्ज करताना काही वीज गंज काढण्याऐवजी पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते, आणि हवेचा इलेक्ट्रोड दोन्ही वेळा व्होल्टेज खातो. घातलेल्यापैकी निम्मी वीजही परत येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीला खराब करतो, म्हणून आत येणारी हवा आधी स्वच्छ करावी लागते.

तुमच्या कामाला ती लावून पाहू. कंपनीचं उद्दिष्ट प्रति युनिट क्षमता २० डॉलरचं आहे. ते गाठलं असं समजा. ८,००० युनिटला १ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे सव्वा कोटीच्या वर रुपये. वाचणार तेच ६४,८०० रुपये वर्षाला, आणि निम्मी वीज वाटेत जाणार असल्याने तुमचे ९,००० युनिट पुरणारही नाहीत. हे रसायन चार-पाच ढगाळ दिवस काढण्यासाठी आहे, चार महिने नाही. श्रावणातली झड निघावी म्हणून एखाद्या जिल्ह्याच्या ग्रिडला ते फार उपयोगी पडेल आणि मी त्याची मनापासून वाट पाहतो आहे. तुमच्या शेडमध्ये ते बसवायचं काम नाही.

उरला हायड्रोजन. पेवाच्या जवळ जाणारं हेच एक, कारण यात साठा म्हणजे नुसता वायू आणि टाकी. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, ठेवायचा आणि हवा तेव्हा फ्यूएल सेलमधून वीज परत घ्यायची. मग लोक यावर का उड्या मारत नाहीत? उत्तर दोन व्होल्टेजमध्ये आहे. इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राच्या, एका सेलला काम करायला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. तोच हायड्रोजन फ्यूएल सेलमध्ये घातला की हातात येतात ०.६ ते ०.७ व्होल्ट. १.९ देऊन ०.६५ घेतले तर तिथेच एक तृतीयांश उरलं. एलएफपीचा सेल साधारण ३.३५ ला भरतो आणि ३.२५ ला देतो. कुठल्याही साठवणीची पहिली पारख मी अशी करतो: भरताना किती व्होल्ट, काढताना किती. कंपनीच्या माणसालाही हा प्रश्न विचारा, त्याच्या उत्तरावरून तो किती जाणतो ते कळेल.

तुमच्या ९,००० युनिटचं काय होईल ते पाहा. एक किलो हायड्रोजनला पंप, शुद्धीकरण धरून ५५ युनिट लागतात. म्हणजे १६० किलोच्या आसपास वायू. फ्यूएल सेल किलोमागे साधारण १६ युनिट देतो, म्हणजे परत आले अडीच हजारांच्या आसपास. दाबाखाली भरण्याची वीज अजून वेगळी. १६० किलो हायड्रोजन २०० बार दाबाच्या नेहमीच्या ५० लिटरच्या सिलिंडरमध्ये भरायचा तर एकात पाऊण किलोही मावत नाही. सव्वादोनशेच्या घरात सिलिंडर, त्यांचं आवार, परवाने, गळतीचे सेन्सर. हवेत ४ टक्क्यांच्या वर गेला की हा वायू पेट घेऊ शकतो. परदेशात तो जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत साठवतात. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, तशी मिठाची पोकळी इथे नाही.

पाण्याची काळजी मात्र करू नका. सभेत कोणी ना कोणी उठून म्हणतं, "खानदेशात प्यायला पाणी नाही आणि हे हायड्रोजन काय काढता?" एका किलोला ९ लिटर पाणी लागतं, १६० किलोला साधारण दीड हजार लिटर. उन्हाळ्यात केळीच्या ऐंशी झाडांना ठिबकवर एका दिवसात एवढं लागतं. शुद्धीकरणात आणखी थोडं जातं. आपल्या बोअरचं जड पाणी तसंच चालणार नाही, क्षार काढावेच लागतील. पण हायड्रोजन नाकारायचं कारण पाणी नाही.

माझं मत असं की हायड्रोजन काढावा जरूर, पण त्याची पुन्हा वीज करू नये. खतासाठी लागणारा अमोनिया आज मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढलेल्या हायड्रोजनपासून बनतो. तुमच्या बांधावर येणाऱ्या ४५ किलोच्या गोणीतला युरिया त्याच अमोनियापासून होतो. तिथे हरित, म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेवर काढलेला, हायड्रोजन गेला तर दोन तृतीयांश ऊर्जा गमावण्याचा प्रश्नच येत नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्यातही खत, रिफायनरी, पोलाद यांचा विचार आधी आहे आणि तो मला योग्य वाटतो.

मग पावसाळ्याच्या तुटीचं काय? इथे खानदेशचं एक मोठं भाग्य आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. जुलैमध्ये तिथे गेलात तर ढगांनी सूर्य झाकलेला असतो आणि पाती गरगर फिरत असतात. उभं राहवत नाही इतका वारा. ऑक्टोबरनंतर तो पडतो आणि ऊन परत येतं. महाराष्ट्रात वाऱ्याची वीज सगळ्यात जास्त पावसाळ्यातच तयार होते. सूर्य बसतो तेव्हा वारा उठतो. उन्हाळ्याचं ऊन चार महिने डब्यात कोंडण्यापेक्षा जुलैचा वारा जुलैमध्येच घेणं कितीतरी स्वस्त पडतं. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ओपन ॲक्सेसची, म्हणजे ऊन-वाऱ्याची वीज थेट उत्पादकाकडून घेण्याच्या मुभेची, किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे. तुमचा मंजूर भार त्यात बसतो का ते पाहा. एकट्या गटाला त्याची शुल्कं आणि कागदपत्रं जड जातील, पण यावल-रावेरकडची चार-पाच पॅकहाऊसं एकत्र आली तर वाऱ्याच्या विजेचा करार करण्याजोगा भार होतो. वहन आकार (तारा वापरण्याचं शुल्क) आणि क्रॉस सबसिडी आकार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेपोटी घेतलं जाणारं शुल्क) धरून हिशेब करायचा, नुसत्या युनिटच्या दरावर जायचं नाही.

सरकारी पातळीवरही साठवण आज तासांतच मोजली जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला की नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान १० टक्के एवढी, दोन तासांची साठवण जोडावी. दोन तास. देशाच्या विजेचं नियोजन करणारे आज दोन-चार तासांवर बोलत आहेत, तेव्हा तुम्हाला चार महिन्यांची बॅटरी विकायला आलेल्या माणसाला बसवून वरचे सगळे आकडे लिहून मागा.

आणखी एक साठा तुमच्या पॅकहाऊसमध्ये आधीच आहे. तो विद्युत-रासायनिक नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची बरीचशी वीज थंडाव्यासाठी जाते. मग दुपारच्या उरलेल्या विजेवर बर्फ करून ठेवला तर? एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट उष्णता ओढून घेतो. तेवढा थंडावा कॉम्प्रेसरने करायला साधारण ३० युनिट वीज लागते. म्हणजे तीन-चार टन बर्फाची इन्सुलेटेड टाकी तुमच्या रात्रीच्या विजेचा मोठा भाग भागवू शकते, आणि बर्फाला बॅटरीसारख्या सायकल, म्हणजे भरण्या-रिकामं होण्याच्या फेऱ्या, मोजाव्या लागत नाहीत. बर्फ करताना कॉम्प्रेसरला तापमान जास्त खाली न्यावं लागतं म्हणून थोडी वीज जास्त जाते, तेवढं धरा. केळी १३ अंशांच्या खाली गेली की सालीवर काळपट चट्टे येतात, त्यामुळे बर्फाची हवा थेट खोलीत सोडायची नाही, मध्ये ग्लायकॉलचा (सहजी न गोठणाऱ्या द्रवाचा) फेरा आणि तापमानाचा व्हॉल्व्ह हवा. बॅटरीचं कोटेशन मागवण्याआधी तुमच्या रेफ्रिजरेशनवाल्याकडून याचं मागवा.

एवढं करून रात्रीची तूट उरलीच, तर ५० ते १२० युनिटच्या दरम्यानची एलएफपी बँक घ्या. आकडा नक्की करायला मला तुमचं महिन्याचं बिल पुरणार नाही, तासांचा हिशेब लागेल. १५ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत एक वही ठेवा. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता तीन आकडे लिहायचे: सोलरच्या मीटरचं वाचन, ग्रिडच्या मीटरचं वाचन आणि कोल्ड रूमचं तापमान. वीज गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ शेजारी. जनरेटर चालला तर किती लिटर डिझेल टाकलं तेही. वही भरली की तिचे फोटो पाठवा, मी बसून आकडा काढून देतो.